चौदा मुलांचं बोरन्हाण

बोरन्हाण कुणाचं करायचं यावर मुलुंड आणि बोरीवली यांच्यात तीन पोस्टकार्डं झाली.

पहिलं विमलाचं. विमला ही खानोलकरांची थोरली सून, जयवंताची बायको. तिला स्वतःला मूल नव्हतं, त्यामुळे दुसऱ्यांच्या मुलांचे सगळे विधी तिला पाठ होते. तिनं लिहिलं की नंदूच्या मृणालला माघात तीन पुरी होतील, गेल्या संक्रांतीला गोवर आला म्हणून बोरन्हाण राहिलं, यंदाही राहिलं तर मग कधी? दुसरं तिच्या धाकट्या दिराचं, नंदकुमारचं. अक्षर त्याचं होतं, मजकूर त्याच्या बायकोचा, वसुधाचा: आईंना जाऊन पाच महिने झाले, वर्ष सरेपर्यंत घरात सण नाही. तिसरं पुन्हा विमलाचं, आणि त्यात तोडगा होता. वर्ष पाळायचं ते खानोलकरांनी. व्हरांड्यातल्या बालवाडीत चौदा मुलं येतात, त्यातली तेरा खानोलकर नाहीत. तेव्हा बोरन्हाण बालवाडीचं करावं. चौदावी मृणाल तिथे रोजच बसते. त्या दिवशी तिला मुद्दाम उठवायचं काय कारण?

नियम मोडायचा नव्हता, फक्त त्याच्या शेजारी जाऊन बसायचं होतं. संक्रांतीनंतरचा रविवार ठरला, दुपारी चार वाजता.

सगळे येणारच आहेत तर दुसरंही एक प्रकरण मिटवून टाकू, असं जयवंतानं ठरवलं. ते दुसरं प्रकरण म्हणजे अण्णा.

अण्णा, म्हणजे मार्तंडराव, रेल्वेच्या गुड्स ऑफिसातून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले होते. त्यांच्या बायकोनं, सुलक्षणाबाईंनी, दोन्ही मुलग्यांची लग्नं झाल्यावर पन्नाशीच्या आसपास दादरला सहा महिने जाऊन बालवाडीचं शिक्षण घेतलं आणि बोरीवलीच्या घरच्या व्हरांड्यात मुलं गोळा केली. पोरं सांभाळायला शिक्षण कसलं लागतं, असं अण्णा तेव्हा एकदा म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी त्या विषयात लक्ष घातलं नाही. नोकरीत होते तोवर मुलं यायच्या आधी ते घराबाहेर पडत. रिटायर झाल्यावर ते वर्तमानपत्र घेऊन मागच्या पेरूच्या झाडाखाली बसत आणि साडेअकराला आवाज थांबला की आत येत. सहा वर्षं त्यांच्या घरात बालवाडी होती आणि अण्णांनी तिची फक्त पादत्राणं पाहिली होती.

श्रावणात सुलक्षणाबाई गेल्या. चौदाव्या दिवसानंतरच्या सकाळी मागच्या चाळीतली जानकी आपल्या मुलाला, श्यामसुंदरला, नेहमीसारखी व्हरांड्यात सोडून बिस्किटांच्या कारखान्यात कामाला गेली. सोडू नको असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. नंदकुमार त्याला परत पोचवायला निघाला, तर अण्णा म्हणाले, बसू दे. दुसऱ्या दिवशी सहा मुलं आली. दसऱ्यापर्यंत सगळी चौदा. अण्णा सुलक्षणाबाईंच्या चटईवर बसायला लागले, आणि त्या चटईवर जो बसतो त्याला बाई म्हणायचं एवढंच मुलांना माहीत असल्यामुळे मुलं त्यांना बाई म्हणायला लागली.

*

रविवारी सकाळी वसुधा चुरमुरे निवडत होती. बोरं धुऊन झाली होती, उसाचे करवे कापायचे होते, हरभऱ्याचे घाटे सोलायचे होते आणि माणसं अकरा वाजता येणार होती. मृणाल काळं झबलं घालून सकाळी सातपासून तयार होती आणि ते कुणी काढायला गेलं की ओरडत होती.

बालवाडीला रविवारी सुट्टी, म्हणून वसुधाला रविवार आवडे. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर लोकांनी तिलाच नावं ठेवली असती, कारण गल्लीत अण्णांचं फार कौतुक होतं. बायको गेल्यावर लोक काशीला जातात, मार्तंडराव मुलांमध्ये बसतात, असं शेजारच्या बायका म्हणत. आणि ते बसत हे खरंच होतं. मुलं पाणी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतत, वाल आणि चवळी वेगळी करत, आणि अण्णा त्यांच्याकडे बघत. त्यांना घाई नव्हती. एखाद्या मुलाला सदऱ्याचं एक बटण लावायला दहा मिनिटं लागली तरी ते मालगाडीची वाट बघावी तसे बघत बसत. गाणी त्यांना येत नव्हती, म्हणून ते स्टेशनांची नावं म्हणून घेत. विरार, नालासोपारा, वसई. मुलं ती तालावर म्हणत. रोज संध्याकाळी ते वहीत नोंद करत: बाळा, आज रडला नाही. क्षमा, डावा हात वापरते, वापरू दिला. श्यामसुंदर, दोन शब्द. मागच्या महिन्यात एक.

हे सगळं वसुधाला दिसत होतं. पण तिला आणखीही एक दिसत होतं, जे वहीत नव्हतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी व्हरांड्यातून हाक यायची. वसुधा, अगं हा बघ काय म्हणतो. तो काय म्हणतो ते अण्णांनाही ऐकू आलेलं असायचं. मग ती कणीक तशीच टाकून हात धुवायची, मुलाला मोरीवर न्यायची, धुवायची, पुसायची, चड्डी घालायची, मुलाला चटईवर सोडायची, पुन्हा हात धुवायची आणि कणकेकडे यायची. तोवर दुसरी हाक. तिला पाचवा महिना होता. वाकताना आता पोट आड यायला लागलं होतं.

नंदकुमारला तिनं एकदा सांगितलं. तो म्हणाला, अण्णांना कसं सांगणार? त्यांचं दुःख अजून ताजं आहे. वसुधानं विचारलं, आणि माझी पाठ? त्यावर तो बराच वेळ विचार करत राहिला आणि ऑफिसची वेळ झाली म्हणून गेला.

*

जयवंत सचिवालयात हेडक्लार्क होता आणि त्याला अण्णांचं वाईट वाटलं ते ऑफिसात, डब्याच्या टेबलावर. सेक्शनमधल्या एकाची मेहुणी बोरीवलीला राहायची. त्या माणसानं डबा खाताना सगळ्यांदेखत विचारलं, काय खानोलकर, तुमचे वडील बालवाडीत बाई आहेत म्हणे? जयवंतानं हसून वेळ मारून नेली. पण त्या दिवसापासून डबा उघडला की त्याला तो प्रश्न आठवायचा. चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, हाताखाली बारा हमाल आणि तीन कारकून होते, तो आता लोकांच्या मुलांची नाकं पुसतो. अण्णांना मुलुंडला आणायचं, असं त्यानं ठरवलं. गॅलरीत आरामखुर्ची टाकायची. त्यांनी आराम करावा, वर्तमानपत्र वाचावं, संध्याकाळी देवळात जावं. मुलाचं कर्तव्य म्हणतात ते हेच.

हे त्यानं विमलाला येताना वाटेत सांगितलं. मुलुंडला दोन खोल्या होत्या आणि गॅलरीत ती पापड वाळत घालत असे.

वाकोल्याहून जयवंताची थोरली बहीण माणिक आली. तिला सगळे अक्का म्हणत. चार मुलं वाढवून ती कुणालाच भिईनाशी झाली होती. जेवणं झाली, पानं उचलली, आणि मधल्या खोलीत सतरंजीवर सगळे बसले. व्हरांड्याचं दार लावून घेतलं होतं. वसुधा स्वयंपाकघराच्या दारात उसाचे तुकडे करत बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिथून सगळं ऐकू येत होतं.

जयवंतानं सुरुवात लांबून केली. अण्णांची तब्येत, अण्णांचं वय, व्हरांड्यात थंडीचं बसणं. आईचं काम आईबरोबर गेलं, आता ते ओढत नेण्यात काय अर्थ आहे. आज मुलांच्या आया येणारच आहेत, बोरन्हाण झालं की आपण त्यांना नीट सांगू, पुढच्या महिन्यापासून बंद. मुलांचा निरोपही गोड होईल. त्यानं सगळं कागदावर लिहून आणलं होतं आणि कागद खिशात आहे हे तो हातानं चाचपून बघत होता.

विमला म्हणाली, "असं एकदम कसं बंद करता येईल? लहान वयात मुलांना जे मिळतं ते पुढे मिळत नाही, असं सासूबाई नेहमी सांगायच्या."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सासूबाई हयात असताना विमला बालवाडीला कोंडवाडा म्हणायची. जयवंत म्हणाला, "तुला काय झालं मध्येच?"

"मला काय होणार? पण तेरा घरांचा विचार नको? त्या जानकीनं मुलाला कुठं ठेवायचं? अण्णांचा जीव रमतो तिथं. आम्ही मुलुंडला त्यांना काय देणार आहोत? एक खुर्ची."

तिचा आवाज भरून आला होता. तो खरंच भरून आला होता, कारण पापडांच्या जागी ती खुर्ची तिला दिसत होती.

नंदकुमार म्हणाला, वहिनी म्हणतात त्यात तथ्य आहे. मग जयवंतानं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, तसं दादाचंही बरोबर आहे.

अण्णा गुडघे जवळ घेऊन बसले होते. त्यांना अजून कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं माणिकनं, आणि ते तिनं वडिलांकडे सरळ बघून विचारलं.

"अण्णा, आई सहा वर्षं त्या व्हरांड्यात बसत होती. तुम्ही एक दिवस तरी जाऊन पाहिलंत?"

"नाही," अण्णा म्हणाले.

"ती सांगायची ना रोज काही काही. कोण बोलायला लागलं, कुणी काय केलं. ऐकलंत कधी?"

"कानावर यायचं."

"मग आता कुणासाठी बसता?"

उत्तर अण्णांना येत होतं. सकाळी साडेआठ ते साडेअकरा ते त्या चटईवर असत, आणि तेवढा वेळ सुलक्षणा सहा वर्षं काय करत होती ते त्यांना थोडं थोडं कळत असे. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि ती हुशार बाई होती हे त्यांना आता समजत होतं. साडेअकरानंतर मुलं जात. त्यापुढचा दिवस कसा जातो, ते सांगण्यासारखं नव्हतं. मुलुंडला गेलो तर सगळा दिवस साडेअकरानंतरचा होईल, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण हे मुलांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती.

"वसुधाला विचारा ना," जयवंत म्हणाला. त्याला वाटलं की ती कुणाचीच बाजू घेणार नाही आणि विषय संपेल. "घर ती चालवते. वसुधा, तुला काय वाटतं?"

वसुधानं सुरी खाली ठेवली.

"विचारलंच आहे तर सांगते. बंद झाली तर बरं."

नंदकुमार म्हणाला, "अगं..."

"मामंजी बालवाडी चालवतात, सगळी गल्ली सांगते. मीही सांगते. पण ते बसून चालवतात. कुणाला शू झाली की मला हाक. शी झाली की मला हाक. चौदा मुलं आहेत, काल सकाळी मी अकरा वेळा उठले. सासूबाई होत्या तेव्हा मला एकदाही हाक आली नाही. त्या सगळं स्वतः करत होत्या, ते मला त्या गेल्यावर कळलं."

ती रागावून बोलत नव्हती. तिनं पुन्हा सुरी उचलली आणि ऊस कापायला लागली. माणिक म्हणाली, "आणि तिला पाचवा आहे. ते कुणाच्या लक्षात आहे का?"

अण्णा वसुधाच्या हातांकडे बघत राहिले. त्यांना हे खरंच माहीत नव्हतं. गुड्स ऑफिसात ते चौतीस वर्षं चिठ्ठी लिहीत आणि पोती उचलली जात. पोती कोण उचलतो हा त्यांचा विषय नव्हता. घरातही त्यांनी हाक मारली आणि काम झालं, मुलगा धुतलेला परत आला. काम कुठं होतं, कोण वाकतं, हे त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि आता दाखवून दिल्यावर ते इतकं समोर होतं की त्यांना मान वर करवेना.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "बंद करा."

जयवंतानं सुटकेचा श्वास सोडला. विमलानं पदरानं डोळे पुसले. नंदकुमार म्हणाला, मग झालं तर, एकमतानं ठरलं. आणि वसुधाला, जिच्या मनासारखं झालं होतं, का कोण जाणे, फार वाईट वाटायला लागलं.

*

चारला आया आल्या. काहीजणी कडेवर आणखी एकेक मूल घेऊन आल्या, बोरं वेचायला. विमलानं कामाचा ताबा घेतला होता. घरात हळदीकुंकू नव्हतं, म्हणून ते शेजारच्या प्रेमाबाईंनी आणलं होतं आणि त्या आपल्याच हातानं लावत होत्या, खानोलकरांच्या उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहून. हलव्याचे दागिनेही त्यांच्याच घरून आले होते. म्हणजे अजून काहीही मोडलेलं नव्हतं.

चौदा मुलं व्हरांड्यात गोल बसली. मृणाल विमलानं सांगितल्याप्रमाणे दोन मुलांच्या मध्ये होती, सहज दिसू नये अशी, पण तिच्या एकटीच्याच अंगावर हलव्याचे दागिने डोक्यापासून पायापर्यंत होते. प्रेमाबाईंनी सगळ्यांना ओवाळलं. मग विमलानं परात उचलली आणि चुरमुरे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे, बत्तासे मुलांच्या डोक्यांवरून ओतले. चौदा मुलांना सारखं द्यायला हवं होतं, ते मृणालच्या डोक्यावर जास्त पडलं. तोडग्याचा तेवढा फायदा विमलानं घेतला. कडेवरची मुलं खाली उतरली, ढकलाढकली झाली, बाळानं तोंडात दोन बोरं एकदम घातली, क्षमानं डाव्या हातानं बत्तासे वेचून परकराच्या ओच्यात भरले.

अण्णा भिंतीला टेकून चटईवर बसले होते. चौदा डोकी त्यांच्यासमोर होती. पुढच्या महिन्यात यातलं एकच उरेल आणि तेही मधल्या खोलीत, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि मग ते मुलुंडला जायला दादरला गाडी बदलावी लागेल, असा विचार करायला लागले. तो सोपा होता.

गडबड जरा ओसरली तसा जयवंत दाराशी उभा राहिला. त्यानं खिशातून कागद काढला. आयांनी मुलांना गप्प केलं. हेडक्लार्क बोलायला उभा राहिला की लोक गप्प होतातच. जयवंतानं घसा साफ केला.

"भगिनींनो," तो म्हणाला.

तेव्हा श्यामसुंदर उठून उभा राहिला. साडेचार वर्षांचा मुलगा, केसांत चुरमुरे अडकलेले. लोकांसमोर तो बोलत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. जानकीला शेजारणी विचारत, मुका आहे का गं? तो आईकडे गेला नाही. तो मुलांमधून वाट काढत अण्णांसमोर आला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाला,

"बाई, मला शी लागली."

आयांमध्ये कुणीतरी हसलं. जयवंताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कारण तो 'बाई' शब्द टेबलावर ऐकणं वेगळं आणि आपल्या वडिलांना म्हटलेला समोर ऐकणं वेगळं. आणि मग जे रोज होतं ते झालं. अण्णांनी मान वळवली आणि स्वयंपाकघराकडे बघून तोंड उघडलं.

वसुधा दारात उभी होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ती हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणीही नव्हती. ती फक्त हाकेची वाट बघत होती.

अण्णांनी तोंड मिटलं. मग भिंतीला हात धरून ते उठले. त्यांचा गुडघा वाजला. त्यांनी श्यामसुंदरचा हात धरला आणि बायकांच्या मधून त्याला घेऊन आत गेले, मधली खोली ओलांडून मागे.

हे खानोलकरांच्या घरात कधी झालेलं नव्हतं. अण्णांनी स्वतःच्या तीन मुलांचं काही केलं नव्हतं, आणि त्यांच्या वडिलांनी त्यांचं. प्रेमाबाई पुढे झाल्या, म्हणाल्या, अहो भावजी, तुम्ही कशाला? तोवर ते दिसेनासे झाले होते. जानकी अर्धवट उठली, शरमेनं तिचं तोंड एवढंसं झालं होतं. ती मागे जायला निघाली, आणि थांबली.

मोरीतून आवाज येत होते. बरीच भांडी उचलून खाली ठेवल्याचा आवाज. काही वेळ काहीच नाही. मग बादली सरकली. आणि मग श्यामसुंदरचा आवाज.

"असं नाही. आधी मला धरा."

अण्णा काहीतरी म्हणाले.

"दोन्ही हातांनी नाही. एका. दुसऱ्या हातात तांब्या. वाका ना. तुम्ही वाकतच नाही." मग पाण्याचा आवाज. "गार आहे! आधीच्या बाई गार घेत नव्हत्या. त्या ऊन पाणी मिसळायच्या."

माणिक हसायला लागली होती, पण तिनं जानकीकडे पाहिलं आणि ती थांबली. जानकी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती. कुणीतरी तिला म्हणालं, जा ना, जा, म्हाताऱ्या माणसाला कशाला. जानकीनं मागे न बघता सगळ्यांना थांबायला हात केला.

"रवा जरा. झील बोलता माझो."

मोरीतून श्यामसुंदर आता चड्डी कुठून घालायची ते सांगत होता. त्यानं आयुष्यात एवढं कधी सलग बोललेलं त्याच्या आईनं ऐकलं नव्हतं. सुलक्षणाबाईंची चार वाक्यं तो आत ठेवून बसला होता आणि ती बाहेर काढायला त्याला एक अडाणी माणूस मिळायला हवा होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांच्या लक्षात आलं ते एवढंच की अण्णांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. तसेच ते श्यामसुंदरला घेऊन परत आले आणि पुन्हा चटईवर बसले. श्यामसुंदर बोरं वेचायला गेला. जानकीनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

जयवंत कागद हातात घेऊन उभाच होता. विमला उत्सुकतेनं त्याच्याकडे बघत होती.

"जयू, बस खाली," माणिक म्हणाली.

"अगं पण आपलं ठरलं..."

"आपलं ठरलं होतं ते वसुधाच्या पाठीचं. तिला विचार."

सगळे वसुधाकडे बघायला लागले. विमलाला वाटलं, आता ही डोळे पुसत सासऱ्यांच्या पाया पडेल आणि प्रश्न सुटेल. आयांनाही तसंच काहीतरी वाटलं असावं. वसुधानं अण्णांच्या ओल्या धोतराकडे पाहिलं, मोरीपासून व्हरांड्यापर्यंत आलेल्या पाण्याच्या पावलांकडे पाहिलं, जी तिलाच पुसावी लागणार होती.

"एकदा केलं म्हणून काय झालं," ती म्हणाली. "उद्या सोमवार आहे. महिनाभर बघू. मग काय ते सांगा या आयांना."

कागद जयवंताच्या खिशात परत गेला. आया उठायला लागल्या तेव्हा अण्णांनी बाळाच्या आईला थांबवून सांगितलं की बाळाला बोरं पचत नाहीत, उद्या पाठवताना एक चड्डी जास्तीची द्या.

*

सोमवारी साडेनऊ वाजता वसुधा कणीक मळत होती. व्हरांड्यात विरार, नालासोपारा चाललं होतं. ते वसईला थांबलं.

"बाई, शू," असं कुणीतरी म्हणालं. क्षमा असावी.

वसुधाचे हात कणकेत थांबले. तिनं हाकेची वाट पाहिली. बरीच वाट पाहिली. मग गुडघा वाजल्याचा आवाज आला, लहान पावलं आणि मोठी पावलं मधल्या खोलीतून मागे गेली. मोरीतली भांडी पुन्हा एकामागून एक उचलली जायला लागली. तिनं मान वाकवून बघितलं. अण्णांनी पिण्याच्या पाण्याचा तांब्या हातात घेतला होता.

"मामंजी, तो नाही," ती तिथूनच म्हणाली. "तो पिण्याचा."

अण्णांनी तांब्या परत जागेवर ठेवला. क्षमा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. त्यांनी मोरीत सगळीकडे पाहिलं. त्या घरात राहायला येऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली होती आणि कुठली वस्तू कुठं असते हे त्यांनी आजवर कुणाला विचारलं नव्हतं. ज्यांना विचारता आलं असतं, त्या सुलक्षणाबाईंनाही नाही.

"मग कुठला?" त्यांनी विचारलं.